बेने इस्राएलांचा कज्जा

घाटकोपरहून धीम्या लोकलने निघाले की पाऊण तासाच्या आत मस्जिद स्टेशन येते. मसाले, सुका मेवा, किराणा यांच्या घाऊक खरेदीसाठी आमच्या वडिलांची तिकडे नेहमी ये-जा असे. त्यांचे बोट धरून जाताना आम्ही समजूनच चाललो होतो, की स्टेशनचे हे नाव आपल्याच एखाद्या मशिदीवरून पडले असणार. बऱ्याच वर्षांनी कळले, की बेने इस्राएल मंडळी ते नाव आपल्या प्रार्थनामंदिरावरून पडले असे सांगतात. सॅम्युअल स्ट्रीटवरचे हे मंदिर म्हणजे 'शाअर हारहमीम', दयेचे द्वार. कोकणातून मुंबईत आलेले हे मराठी यहुदी आपल्या प्रार्थनामंदिराला सिनेगॉग म्हणत नसत, मशीद म्हणत. मांडवीची ती 'जुनी मशीद'. धर्मकार्य चालवणाऱ्याला ते काझी म्हणत. नवस फेडताना एलियाहू हन्नाबीच्या नावाने जे ताट मांडत, त्याला मलिदा म्हणत. हे सगळे शब्द आमच्या घरातले. ते त्यांच्या घरात कसे गेले, हे समजायला कोकणच्या किनाऱ्यावर एक फेरी मारली की पुरते. तिथे त्यांची आणि आमची घरे शेकडो वर्षे हाकेच्या अंतरावर होती.

ही मशीद १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकर या कंपनी सरकारच्या फौजेतल्या बेने इस्राएल अंमलदाराने बांधली. इंग्रजी कागदांत त्यांचे नाव सॅम्युअल एझिकेल. म्हैसूरच्या लढाईत ते टिपू सुलतानाच्या कैदेत पडले होते. पुढची गोष्ट त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. कैद्यांना जात विचारली गेली, तेव्हा यांनी 'बनी इस्राईल' असे उत्तर दिले. ते ऐकून टिपूच्या मातोश्री म्हणाल्या, की कुराणात ज्यांचा उल्लेख आहे ते हे लोक. यांना मारू नका. गोष्ट इतिहासाच्या कसोटीला किती उतरते हा वेगळा प्रश्न. आम्हाला ती आवडते ती दुसऱ्याच कारणाने. 'तुमची जात कोणती' या प्रश्नाला या लोकांनी दिलेले उत्तर त्या एका वेळी कोणीतरी जसेच्या तसे मान्य केले. पुढच्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत तेच उत्तर मान्य करायला त्यांचेच धर्मबंधू तयार नव्हते.

या लेखाचा विषय तो कज्जा आहे. मराठी बोलणाऱ्या, सावळ्या रंगाच्या, दिवेकर-पेणकर-रोहेकर-अष्टमकर आडनावांच्या या छोट्या जमातीने वर्णभेदाविरुद्ध दिलेला लढा मराठी वाचकांना फारसा ठाऊक नाही. आमच्या वाचकांना तर त्याहून कमी, कारण 'इस्रायल' हा शब्द दिसला की आपण पान उलटतो. पान उलटण्यामागे कारणे आहेत आणि ती आम्हाला मान्यही आहेत. त्यांच्याकडे पुढे येऊच.

बेने इस्राएलांची परंपरा अशी. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. त्यांची ही संतती. ग्रंथ बुडाले, भाषा गेली. उरला तो शनिवारचा विसावा, मुलांची सुंता, अन्नाचे काही निर्बंध आणि 'शेमा' या प्रार्थनेचे शब्द. तेलाचे घाणे चालवणारे पण शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून गावाने त्यांना 'शनिवार तेली' म्हटले. म्हणजे गावाने आपल्या रीतीप्रमाणे त्यांना एक जात देऊन टाकली. आणि गावाची रीत त्यांनीही उचलली. त्यांच्यात 'गोरा इस्राएल' आणि 'काळा इस्राएल' असे दोन गट पडले. ज्यांचे आई-बाप दोन्हीकडून बेने इस्राएल ते गोरे. ज्यांच्या घराण्यात कधीकाळी स्थानिक बाई आली ते काळे. गोऱ्यांनी काळ्यांशी सोयरीक करायची नाही, एका ताटात जेवायचे नाही. विसाव्या शतकात हा भेद पुष्कळ विरला, पण तो होता, आणि पुढची हकीकत वाचताना विसरू नये असा आहे. दुसऱ्याकडे बोट दाखवणाऱ्याच्या घरातही काय काय असते, हे आम्हाला कोणी वेगळे सांगायला नको.

एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात बगदाद, बसरा, अलेप्पो इकडून यहुदी व्यापारी मुंबईत आले. डेव्हिड ससून त्यांच्यातले सर्वांत नामांकित. ससून डॉकपासून वाचनालयापर्यंत त्या घराण्याचे नाव शहरावर कोरलेले आहे. आल्या आल्या या मंडळींना बेने इस्राएलांचा आधारच मिळाला. नमाजासाठी आम्ही जसे परगावी पहिली मशीद शोधतो, तसे ते जुन्या मशिदीत प्रार्थनेला जात. मेलेल्यांना त्यांच्याच दफनभूमीत पुरत. मग हातात पैसा खेळू लागला, राहणी बदलली, इंग्रज साहेबांच्या दिवाणखान्यात ऊठबस सुरू झाली, आणि काळ्या धर्मबंधूंची अडचण वाटू लागली. १८३६ साली बगदादी मंडळींनी सरकारकडे अर्ज केला, की दफनभूमीत मध्ये भिंत घालून आमचे मृत आणि यांचे मृत वेगळे करून द्यावेत.

हा अर्ज आम्ही पहिल्यांदा वाचला तेव्हा बराच वेळ पुढचे पान उलटवले नाही. भिंत मागितली ती कबरींच्या मध्ये. एका खुदाचे नाव घेणारे, एका पैगंबराचा कायदा पाळणारे, दोघेही सुंता झालेले, दोघेही शनिवार पाळणारे. पण मातीखाली हाडांनी हाडांना लागून असू नये! बेने इस्राएलांनी त्याला हरकत घेतली. पुढे बगदादी मंडळींनी आपली वेगळी दफनभूमी केली आणि १८६१ साली भायखळ्याला आपले वेगळे भव्य प्रार्थनामंदिर उभारले. वेगळे होणे एक वेळ समजू शकते. जमात वाढली की दोन जागा होतातच. पण त्यांच्या प्रार्थनामंदिरांत बेने इस्राएल गेला तर दहा जणांच्या गणपूर्तीत त्याला धरायचे नाही, तौरात वाचायला त्याला पुढे बोलवायचे नाही, असे प्रकार घडत राहिले. यहुद्यांत सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. नऊ जण दहाव्याची वाट पाहात बसले आहेत आणि दारात उभा असलेला कोकणी मनुष्य मोजला जात नाही!

कारण काय सांगितले जाई? रंग कोणी उघडपणे सांगत नाही, कुठेच सांगत नाही. सांगितले जाई ते असे, की या लोकांचे तलाक धर्मशास्त्राप्रमाणे झालेले नाहीत, यांचे रक्त शुद्ध आहे याची खात्री नाही. पण त्याच काळात इंग्रजांच्या दफ्तरी आपली गणना 'नेटिवां'त न होता युरोपियनांत व्हावी, यासाठी बगदादी पुढाऱ्यांची खटपट चालली होती, हे पाहिले की शास्त्राच्या मागे काय लपले होते ते दिसते. काळा भाऊ शेजारी उभा असला की गोऱ्यांच्या रांगेत घुसता येत नव्हते.

अर्थात सगळे एकाच रंगात रंगवू नये. हाईम सॅम्युअल केहिमकर हे बेने इस्राएलांचे शिक्षक आणि इतिहासकार. १८७५ साली त्यांच्या पुढाकाराने आपल्या मुलांसाठी शाळा सुरू झाली. इथली इमारत, तिथली वर्गणी करत ती वाढली. या शाळेला पुढे मोठी देणगी मिळाली ती एली कदूरी या बगदादी घराण्यातल्या धनिकाकडून, आणि माझगावच्या त्या शाळेवर आज त्यांचेच नाव आहे. आज तिथल्या वर्गांत बसलेली मुले-मुली बहुतांशी आपली, मुसलमानांची आहेत. केहिमकरांनी आपल्या जमातीचा इतिहास १८९७ पर्यंत लिहून पुरा केला. तो छापला गेला १९३७ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, तोही तेल अवीवला. आम्ही कोण आहोत हे दुसऱ्यांनी सांगावे याची वाट न पाहता स्वतः लिहून ठेवणे, हासुद्धा त्या लढ्याचाच भाग होता.

न्यायालयात हा वाद गेला तो रंगूनला. ब्रह्मदेश तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानचाच भाग होता, आणि तिथे नोकरीधंद्यासाठी गेलेली बेने इस्राएल कुटुंबे होती. रंगूनच्या मुस्मेआ येशुआ या प्रार्थनामंदिराचा कारभार बगदादींच्या हातात. बेने इस्राएलांनी विश्वस्तांच्या निवडणुकीत हक्क मागितला. तो नाकारला गेला, कारण हे पूर्ण यहुदी नाहीत म्हणे. प्रकरण रंगूनच्या हायकोर्टात गेले आणि १९३५ साली निकाल बेने इस्राएलांच्या बाजूने लागला: ते यहुदी आहेत आणि त्यांना बरोबरीचा हक्क आहे. इंग्रज न्यायाधीशाने यहुद्यांना यहुदी कोण ते सांगावे, ही वेळ आली. आमच्याकडेही विश्वस्त मंडळांचे वाद वक्फ बोर्डापासून हायकोर्टापर्यंत जातात, तेव्हा या निकालाची आठवण येते.

मग १९४८ साल उजाडले. त्या सुमारास देशात बेने इस्राएल वीस हजारांच्या आसपास होते. मुंबईत, ठाण्यात, पुण्यात, कोकणात. रेल्वेत, पोस्टात, कापडगिरण्यांत, इस्पितळांत. कुर्ल्याला १९४६ साली त्यांचे प्रार्थनालय झाले होते; मुलुंडच्या पलीकडे ठाण्याचे 'शाअर हाशमायिम' तर १८७९ पासूनचे. या देशात कोणी त्यांना यहुदी म्हणून छळले नव्हते. हे ते स्वतः आवर्जून सांगतात. तरी पवित्र भूमीची ओढ आणि चांगल्या दिवसांची आशा यांनी हजारो जण निघाले.

आता ते कारण, ज्यासाठी आपले वाचक पान उलटतात. यातली बरीच कुटुंबे ज्या बीरशेबा शहरात वसवली गेली, ते बीर अस-सबा हे अरबांचे गाव होते. ऑक्टोबर १९४८ मध्ये इस्रायली फौजेने ते घेतले आणि तिथल्या अरब रहिवाशांना परत येता आले नाही. ज्यांचे घर गेले त्यांचा कज्जा आजही मिटलेला नाही आणि त्याची आठवण न ठेवता ही हकीकत सांगणे आम्हाला प्रशस्त वाटत नाही. पनवेलच्या किंवा ठाण्याच्या गिरणीकामगाराला ती वस्ती कोणाची होती हे किती ठाऊक असेल, हेही आम्ही मनात आणतो. तो तिथे पोचला तो स्वतःच खालच्या पायरीवर.

तिथे काय झाले? तक्रारी अशा होत्या: कामे हलकी मिळतात, घरे शेवटी मिळतात, पावाच्या दुकानात म्हणतात, तुम्ही काळे, तुम्ही काळा पाव खा, पांढरा पाव गोऱ्यांसाठी आहे. ही पावाची गोष्ट पुढे फार गाजली. १९५१ च्या अखेरीस शंभर-दीडशे बेने इस्राएलांनी तेल अवीवला ज्यूईश एजन्सीच्या कचेरीसमोर बैठा सत्याग्रह केला. मागणी एकच: आम्हाला हिंदुस्थानात परत पाठवा. गांधीजींच्या देशातून आलेल्या माणसांना हे हत्यार नवे नव्हते. अखेर १९५२ साली एजन्सीला त्यांना विमानाने परत पाठवावे लागले. त्यांच्यातल्या अनेकांनी पुढे पुन्हा इस्रायलला जाण्याची खटपट केली आणि ते गेलेही. इकडची नोकरी गेलेली, घर गेलेले. वर्तमानपत्रांनी तेव्हा त्यांची थट्टा केली. आम्हाला त्यात थट्टेसारखे काही दिसत नाही. फाळणीनंतर कराचीला जाऊन परत आलेले आणि पुन्हा गेलेले लोक आमच्याही नात्यांत आहेत.

खरी कसोटी लागली ती लग्नात. इस्रायलमध्ये यहुद्यांचे लग्न धर्मगुरूंच्या म्हणजे रब्बींच्या मार्फतच होते. नव्या पिढीतले बेने इस्राएल मुलगे-मुली इतर यहुद्यांशी लग्न ठरवू लागले, तेव्हा काही रब्बींनी ती लावायला नकार दिला. कारण तेच, शंभर वर्षांपूर्वी मुंबईत सांगितले गेलेले. यहुदी शास्त्राप्रमाणे बाईला रीतसर लेखी तलाक न मिळता तिने दुसरे लग्न केले, तर त्या लग्नाची मुले पिढ्यान्‌पिढ्या इतर यहुद्यांना वर्ज्य ठरतात. कोकणात शास्त्र जाणणारा कोणी नव्हता; मग तुमच्या पणज्या-खापरपणज्यांचे तलाक शुद्ध कशावरून? बेने इस्राएलांचे उत्तर मोठे मार्मिक होते. ते म्हणाले, आमच्यात तलाक होतच नसत आणि विधवा दुसरे लग्न करतच नसत. शेजारच्या हिंदूंची रीत आम्ही उचलली होती. जी रीत सुधारकांनी वाईट ठरवली, तीच वंशशुद्धीचा पुरावा म्हणून पुढे करायची पाळी त्यांच्यावर आली. त्या कोकणी विधवांनी काय सोसले याचा हिशेब या वादात दोन्हीकडून कोणी मांडला नाही, एवढे आम्ही नोंदवून ठेवतो.

ऑक्टोबर १९६१ मध्ये मुख्य रब्बींच्या परिषदेने बेने इस्राएलांशी विवाह करायला मुभा आहे असे ठरवले. सगळ्यांना वाटले, मिटले. पण फेब्रुवारी १९६२ मध्ये लग्ने नोंदवणाऱ्यांना सूचना निघाल्या: वधूवरांपैकी कोणी बेने इस्राएल असेल तर त्याची आई, आईची आई, तिची आई, अशी जमेल तितकी मागे चौकशी करावी, कोणी बाहेरचे होते का, कोणाचा तलाक झाला होता का ते पाहावे. मुख्य रब्बी यित्झाक निस्सीम यांचा या सूचनांवर भर होता, आणि ते स्वतः मूळचे बगदादचे. सूचनेत जमातीचे नाव स्पष्ट लिहिलेले होते. पोलंडहून, मोरोक्कोहून आलेल्यांना हा प्रश्न विचारायचा नव्हता. विचारायचा तो फक्त यांना.

यावर बेने इस्राएल उठले. त्यांनी कृती समिती स्थापली. बीरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद अशा दूरदूरच्या वस्त्यांतून, गिरण्या आणि कारखान्यांतून रजा टाकून माणसे आली आणि १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेमला ज्यूईश एजन्सीच्या आवारात तळ ठोकून बसली. बायका होत्या, लहान मुले होती. काहींनी उपोषण धरले. इकडे मुंबईतही निषेध झाला. धर्म सोडण्याची धमकी त्यांनी दिली नाही, की स्वतःची वेगळी रब्बीसभाही काढली नाही. आम्ही तुमच्याइतकेच यहुदी आहोत, तेव्हा आमचे नाव त्या कागदातून काढा, एवढेच ते म्हणत राहिले.

पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांचे सरकार धार्मिक पक्षाच्या पाठिंब्यावर उभे होते, त्यामुळे त्यांनी बरेच दिवस चालढकल केली. शेवटी १७ ऑगस्ट १९६४ रोजी संसदेचे खास अधिवेशन बोलवावे लागले. बेने इस्राएल सर्व बाबतींत यहुदी आहेत, विवाहासह सर्व हक्कांत बरोबरीचे आहेत, आणि भेदभावाची भावना निर्माण करणारे कारण रब्बींनी दूर करावे, असे सरकारने जाहीर केले. ३१ ऑगस्टला रब्बींनी सूचना बदलली. 'बेने इस्राएल' हे शब्द गेले. ज्या कोणाच्या बाबतीत शंका येईल त्याची चौकशी करावी, असे आले. शंका कोणाचा चेहरा पाहून येणार, हे त्यांनाही कळत होते. तरी त्यांनी तळ उठवला आणि माणसे कामावर गेली. पूर्ण जय नव्हता, पण जमातीच्या नावावर जे लिहिले होते ते पुसले गेले, आणि ते पुसायला लावणारे पेण-पनवेल-रोह्याकडचे लोक होते.

आज भारतात सगळे मिळून चार-पाच हजार यहुदी उरले असतील. त्यांतले बरेचसे ठाणे आणि मुंबईच्या उपनगरांत आहेत. महाराष्ट्र सरकारने त्यांना २०१६ साली अल्पसंख्याक दर्जा दिला. तिकडे गेलेल्यांनी मराठी सोडली नाही; 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक तिथून निघत आले आहे.

ही हकीकत या अंकात आम्ही का सांगतो? घाटकोपर-मुलुंडच्या किती सोसायट्यांत आमचे नाव ऐकल्यावर खोली 'कालच गेलेली' असते, हे वाचकांना सांगायला नको. आम्ही स्वतः तीन वेळा हे ऐकले आहे. एका जागी तर बयाणा परत आला. याविरुद्ध बोलतोच, बोलायलाच हवे. हजरत बिलाल यांचे नाव तर आमच्या प्रत्येक तकरिरीत येते, आणि जंजिऱ्यावर १९४८ पर्यंत आफ्रिकी वंशाच्या सिद्दींचे राज्य होते हे आम्ही छाती फुगवून सांगतो. पण त्याच श्वासात सय्यद, शेख, मोमीन, बागवान, मेहतर अशी उतरंडही सांगतो. ती नाही म्हणणाऱ्यांना जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी उभ्या केलेल्या मुस्लिम ओबीसी चळवळीने उघडे पाडले. तिच्या सभांतून दिलीपकुमार यांच्यासारखा माणूस बोलला, आणि ७ डिसेंबर १९९४ रोजी महाराष्ट्र सरकारला त्याबाबत निर्णय काढावा लागला. तेव्हा आमच्यातलेच काही बुजुर्ग रागावले होते: इस्लाममध्ये जात नाही, हे लोक आपली अब्रू काढतात! बगदादी शेठजींचेही असेच म्हणणे असावे.

मागल्या वर्षी कुर्ल्याला एका निकाहाच्या बोलणीला आम्ही गेलो होतो. मुलगा रत्नागिरीकडचा कोकणी, मुलगी भिवंडीच्या मोमीन घरची. दोघे एकाच इस्पितळात नोकरीला. सगळे ठरत आले होते. इतक्यात मुलाकडचे एक वयस्क गृहस्थ म्हणाले, "बाकी ठीक, पण मुलीच्या आजीचे माहेर कुठले?" मुलीच्या वडिलांनी सांगितले. मग आजीच्या आईचे विचारले गेले. वडील गप्प झाले. चहा निवत चालला होता, म्हणून आम्ही त्या गृहस्थांना १९६२ च्या त्या सूचनेची आणि जेरुसलेमच्या तळाची हकीकत थोडक्यात सांगितली. त्यांनी ती नीट ऐकून घेतली, मान डोलावली, आणि म्हणाले, "भाईसाहेब, यहुद्यांचे ते वेगळे."